बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी : लिनियसपासून रंग भटांपर्यंत

जुने शास्त्रकार आपल्या विधानाला आधार कसा देत, हे मूळ पानांवर पाहावे म्हणून मी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या जुन्या ग्रंथांच्या विनामूल्य संकेतस्थळावर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा १७५३ चा ‘स्पिशीज प्लांटारम’ हा वनस्पतींचा ग्रंथ उघडला. पान २०० वर आंब्याची नोंद आहे. तिच्याखाली पूर्वीच्या ग्रंथांची नावे इतकी आखडून छापली आहेत की नवख्याला ती सांकेतिक लिपीच वाटावी. त्यांतले एक ‘रीड. माल. ४’ आणि पुढे पान व चित्र यांचे आकडे. हा रीड म्हणजे मलबारातील डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड, आणि ग्रंथ म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत निघालेला ‘हॉर्टस मलबारिकस’. तोही याच संग्रहात असल्याने त्या आकड्यांवरून चौथ्या खंडातल्या आंब्यापर्यंत जागेवरून न उठता पोचता येते.

मी मात्र रेंगाळलो तो पहिल्या खंडाच्या सुरुवातीच्या पानांवर. तिथे इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचे, अशी साक्षपत्रे छापली आहेत. त्यांपैकी दुसरे कोकणी भाषेत, चक्क नागरी लिपीत कोरलेले आहे. वनस्पतींची माहिती आपण दिली, असे हे लोक स्वतःच्या नावानिशी सांगतात. भट-पंडितांनी तर आपल्या निघंटूचाही, म्हणजे वनौषधींच्या कोशाचाही, हवाला दिला आहे. म्हणजे रीडचा आधार हे लोक, आणि त्यांचा आधार त्यांची पोथी. लिनियसपर्यंत येता येता त्या साखळीतले फक्त रीडचे नाव उरले. संदर्भ देण्याची पद्धत नेटकी झाली खरी, पण रंग भट त्यातून गळाले, हे दोन्ही पाने शेजारी उघडल्याखेरीज माझ्या लक्षात आले नसते.

पाने मोठी करून पाहता येतात, उतरवूनही घेता येतात. यंत्राने वाचलेल्या मजकुरावर मात्र विसंबू नये. जुन्या लॅटिन छपाईतला लांब ‘स’ (ſ) यंत्राला बहुधा ‘फ’ (f) वाटतो, ही अडचण कुठल्याही संग्रहात येते. चित्रांवर कोरलेली नागरी नावे तर शोधपेटीत टाकून सापडण्यातली नाहीत. त्यांच्यासाठी खंड पानापानाने चाळावा, आणि मोबाइलवर नव्हे, मोठ्या पडद्यावर चाळावा.