शॉपिफाय की वूकॉमर्स? इतवारीतल्या बर्फीच्या दुकानाचा अनुभव

संत्रा बर्फी ऑनलाइन विकताना मी ऑनलाइन दुकान उभारायची ही दोन्ही साधनं वापरून पाहिली. शॉपिफायला महिन्याचं भाडं भरलं की सर्व्हर, अपडेट, सुरक्षा त्यांच्याकडे. वूकॉमर्स हे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं प्लगइन, म्हणजे जोडायचा भाग. मूळ फुकट, पण होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) आपलं आणि निस्तरायचंही आपणच.

खरा फरक कळतो बिघाड झाल्यावर. दिवाळीच्या ऐन गर्दीत आमच्या वूकॉमर्सवर गिऱ्हाइकाचे पैसे कापले जायचे, ऑर्डर मात्र ‘पेमेंट बाकी’ म्हणून पडून. बर्फी खराब होणारा माल, जीव टांगणीला लागला. पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) डॅशबोर्डवर प्रत्येक वेबहुकपुढे, म्हणजे ‘पैसे मिळाले’ असं आमच्या साइटला कळवणाऱ्या निरोपापुढे, 403 (प्रवेश नाकारला) दिसला, तेव्हा कळलं: साइटवरचं सुरक्षेचं प्लगइनच हे निरोप अडवत होतं. निरोप जिथे येतात तो पत्ता त्या प्लगइनच्या ‘अडवू नये’ यादीत टाकला आणि ऑर्डरी सुटल्या. शॉपिफायवर इतकं खोल शिरता येत नाही, सपोर्टला कळवून थांबावं लागतं. पण अशी वेळही क्वचितच येते, हे मान्य करायलाच हवं.

मात्र शॉपिफाय पेमेंट्स ही त्यांची स्वतःची पैसे घ्यायची सोय भारतात नाही. बाहेरचा गेटवे जोडला की त्याच्या कमिशनवर शॉपिफायचं व्यवहार शुल्क वेगळं. बर्फीच्या नफ्यात ते परवडेना, म्हणून मी वूकॉमर्सवर आहे. घरात तांत्रिक बाजू बघणारं कुणी नसेल, तर मात्र शॉपिफायच घ्या.