मुदत भरावी की पैसे भरून सुटावे?

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत राजीनामा देणाऱ्यापुढे दोन वाटा असतात : करारातील नोटिशीची मुदत पूर्ण करणे, किंवा उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटणे. दुसरी वाट नियुक्तिपत्रात तशी तरतूद असेल तरच सरळ असते. तेथे ‘मूळ वेतन’ लिहिले आहे की ‘एकूण वेतन’, हे आधी नीट वाचावे, कारण भरायची रक्कम त्या एका शब्दावर ठरते.

मुदत न भरणाऱ्याला न्यायालय सक्तीने कामावर परत पाठवत नाही; मात्र 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार, करारात नमूद रकमेच्या मर्यादेत, वाजवी भरपाई मागता येते. भविष्य निर्वाह निधीची भीती मात्र बाळगू नये : मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासद ती स्वतः नोंदवू शकतो. खरी अडचण होते ती कार्यमुक्ती पत्राची, कारण पुढचा मालक तेच आधी मागतो.

माझा कल मुदत भरण्याकडे आहे. रासायनिक कारखान्यात रिअ‍ॅक्टरचा कोणता व्हॉल्व्ह पावसाळ्यात अडकतो, हे नोंदवहीत नसते. रात्रपाळीत नव्या मुलाचा हात त्यावर ठेवूनच ते शिकवावे लागते. तरीही पगार थकलेला असेल किंवा घरी आई अंथरुणाला खिळलेली असेल, तर लेखी अर्ज देऊन, त्याची पोच घेऊन, पैसे भरून मोकळे व्हावे.