चढावर गाडी उचलताना: हँडब्रेक की हाफ क्लच?

नव्या मॅन्युअल गाडीवर सपाट रस्त्यावर हात लवकर बसतो. खरी परीक्षा आंबेनळी घाटात किंवा पार्किंगच्या रॅम्पवर, मागे दुसरी गाडी चिकटून उभी असताना.

हाफ क्लचने, म्हणजे क्लचचे पेडल अर्धवट सोडून, गाडी चटकन निघते. ब्रेकवरचा पाय झटकन ॲक्सिलरेटरवर न्यायचा, बस. पण क्लच नेमका कुठे पकडतो हे पायाला माहीत हवे, आणि ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी. शिवाय काही जण सिग्नलच्या चढावर गाडी हाफ क्लचवरच तोलून धरतात. हे मला अजिबात पटत नाही. क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर) घासत राहते, तापते, जळका वास येतो आणि तिचे आयुष्य घटते.

हँडब्रेक सावकाश, पण नवख्याला तोच बरा. बहुतेक गाड्यांत तो मागची चाके धरतो, त्यामुळे उजवा पाय मोकळा राहतो. क्लच हळू सोडायचा. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचलले, की ॲक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडायचा. घाई नाही, मागे सरकणे नाही.

गाडीत हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय, असेल तर ब्रेक दोनेक सेकंद आपोआप धरलेला राहतो, तेवढ्यात निघायचे. पावसाळ्यात ओल्या चढावर मात्र, कितीही सराव असला तरी, मी हँडब्रेकच ओढतो.