पोतं बदलायचं की धान भरडायचं? टीव्हीवर न चालणाऱ्या व्हिडिओसाठी घरच्या संगणकावरचे पर्याय

दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येणारे लोक वाढतात. आमचा भाग झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातला. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं आणि गावातलं मंडळ हल्ली त्याचं चित्रीकरण करून ठेवतं. मग कुणीतरी ती फाइल घरी नेऊन टीव्हीला लावतं. एकाच्या टीव्हीवर ‘हा प्रकार चालत नाही’ अशी पाटी येते. दुसरे काकाजी येऊन सांगतात, "चित्र बरोबर दिसते जी, पन आवाजच येत नाही." तिसऱ्याला वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची डीव्हीडी मोबाइलमध्ये हवी असते, कारण घरातला डीव्हीडी प्लेअर कधीचाच बंद पडलाय.

या तिघांना एकच सॉफ्टवेअर सांगून चालत नाही. पण बहुतेक जण ‘व्हिडिओ कन्व्हर्टर’ असं शोधतात, पहिलं दिसेल ते उतरवतात आणि पाच मिनिटांच्या कामाला पाच तास घालवतात. वर चित्रही आधीपेक्षा वाईट होतं. म्हणून कोणत्या कामाला काय घ्यावं, हे मी वापरून पाहिलेल्या साधनांवरून लिहितो आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर आहे. फाइलच्या नावाशेवटी जे एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय, एमटीएस असं असतं ते नुसतं पोतं. आत धान वेगळं असतं: चित्र एका पद्धतीनं दाबून भरलेलं आणि आवाज दुसऱ्या पद्धतीनं. चित्राच्या पद्धती म्हणजे डीव्हीडीतली एमपेग-२, २००३ पासूनची एच.२६४ आणि २०१३ मध्ये आलेली एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५. आवाजाच्या म्हणजे एमपी३, एएसी, एसी-३, डीटीएस. टीव्ही अडतो तेव्हा कधी त्याला पोतं ओळखता येत नाही, कधी आतलं धान. पोतंच ओळखीचं नसेल तर धान दुसऱ्या पोत्यात ओता, झालं. एक दाणाही कमी होत नाही. धानच ओळखीचं नसेल तर मात्र ते भरडावं लागतं. एकदा तांदूळ काढला की त्याचं पुन्हा धान होत नाही, आणि तोच तांदूळ परत गिरणीत घातला तर कणी हाती येते. व्हिडिओचंही तसंच आहे. नव्यानं दाबताना दर वेळी बारकावे जातात आणि ते परत येत नाहीत.

तेव्हा कोणतंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी आत काय आहे ते पाहा. व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये फाइल लावा आणि टूल्सच्या यादीतून ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा. चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीचे आहेत ते दोन ओळींत दिसतं. अधिक तपशील हवा असेल तर मीडियाइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. मी आता हे पाहिल्याशिवाय कुणाचंही काम हातात घेत नाही.

काहीच न बदलण्याचा पर्याय

हा कुणी सांगत नाही म्हणून मी आधी सांगतो. टीव्ही अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या प्ले स्टोअरमधून व्हीएलसी टाकून पाहा. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरला न कळणाऱ्या पुष्कळ फाइली, विशेषतः आवाज नसलेल्या, त्यात सरळ चालतात. लॅपटॉप असेल तर एचडीएमआय केबल टीव्हीला जोडा आणि लॅपटॉपवरच चालवा. एकदाच पाहायचं असेल तर भरडाईचा खटाटोप कशाला? पण फाइल दहा घरी द्यायची असेल, किंवा टीव्ही साधा, नुसत्या यूएसबी खाचेचा असेल, तर पुढचं वाचा.

ॲव्हिडेमक्स आणि हँडब्रेक: खरी निवड या दोघांत आहे

दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त स्रोताचे, दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात. कामं मात्र अगदी वेगळी.

ॲव्हिडेमक्स दिसायला जुनाट आहे, पण पोतं बदलायला मला त्याच्याइतकं सोपं दुसरं सापडलं नाही. फाइल उघडायची, डावीकडे चित्रासाठी ‘कॉपी’, आवाजासाठी ‘कॉपी’ आणि खाली पोतं म्हणून एमपी४ निवडून सेव्ह करायचं. संगणकाला फक्त एका जागचा माल दुसऱ्या जागी न्यायचा असतो, त्यामुळे वेळ जातो तो हार्ड डिस्कच्या वेगाप्रमाणे. जुन्या आय-थ्री संगणकावरही तासाभराचा व्हिडिओ काही मिनिटांत होतो. आणि ते आवाज न येणारे काकाजी? त्यांच्या फाइलीत चित्र एच.२६४ होतं, टीव्हीला चालणारं. आवाज डीटीएस होता, न चालणारा. चित्र ‘कॉपी’वरच ठेवलं, आवाजापुरतं एएसी निवडलं. चहा होईपर्यंत काम झालं आणि चित्राला हातही लागला नाही.

हेच काम हँडब्रेककडे दिलं असतं तर त्यानं चित्रही नव्यानं भरडलं असतं. आवाज जसाच्या तसा ठेवायची सोय त्यात आहे, चित्र तसं ठेवायची नाही. त्यामुळे जिथे नुसतं पोतं बदलायचं तिथे हँडब्रेक घेणं ही चूकच.

पण जिथे भरडणं अटळ आहे तिथे मी डोळे मिटून हँडब्रेक सांगतो. २००३ पासून चालत आलेला, २०१६ च्या डिसेंबरात पहिली पूर्ण आवृत्ती निघालेला हा प्रोग्रॅम आहे. यात तयार नमुने असतात. ‘फास्ट १०८०पी ३०’ निवडला तरी बहुतेक टीव्ही आणि मोबाइलवर चालणारी एच.२६४ ची एमपी४ फाइल मिळते. दर्जासाठी आरएफ नावाचा एक आकडा असतो. तो लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या चित्राला १८ ते २२ आणि १०८० च्या, म्हणजे फुल एचडी चित्राला २० ते २४, असं हँडब्रेकवालेच सुचवतात. मी डीव्हीडीला १९ ठेवतो. जुन्या लग्नात आजी-आजोबांचे चेहरे आधीच धूसर असतात, तिथे थोडी जागा वाचवून काय करायचं?

वेळेचा हिशोब मात्र धरा. माझ्या संगणकावर तासाभराच्या १०८० व्हिडिओला तास ते दोन तास जातात. नव्या इंटेल प्रोसेसरमध्ये चित्र दाबण्याचं वेगळं यंत्र असतं, ते निवडलं तर काम कितीतरी लवकर होतं. पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी होते. घाई असेल तर ते घ्या, जपून ठेवायचं असेल तर नेहमीची पद्धत बरी.

नाटकाची फाइल आणि लग्नाची डीव्हीडी

आपल्याकडचे चित्रीकरण करणारे बरेच जण अजून एमटीएस फाइली देतात. ही एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांची पद्धत, २००६ पासूनची. आत चित्र एच.२६४ आणि आवाज बहुधा एसी-३. सेकंदाला १७ मेगाबिटच्या दरानं तासाला साडेसात जीबीच्या वर जागा लागते, म्हणजे पाच तासांचं नाटक ३८ जीबी. कॅमेरा त्याचे तुकडेही करून ठेवतो. इथे ॲव्हिडेमक्समध्ये पहिला तुकडा उघडून पुढचे ‘अपेंड’नं जोडा, चित्र कॉपी, आवाज एएसी. टीव्हीवर पाहायचं असेल तर एवढं पुरे.

तीच फाइल मोबाइलवर न्यायची असेल तर हँडब्रेकला द्या, आणि ‘डीइंटरलेस’चा फिल्टर चालू आहे ना ते बघा. या कॅमेऱ्यांत आणि डीव्हीडीत प्रत्येक चित्र बहुतेकदा दोन भागांत, एकाआड एक ओळींनी भरलेलं असतं. टीव्ही ते आपसूक सांधतो. मोबाइलवर मात्र नाचणाऱ्या नटाच्या हातापायांभोवती फणीच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात.

डीव्हीडीबाबत सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. लोक आतल्या एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइली सुट्या कॉपी करतात आणि एकेक बदलत बसतात. मग मंगलाष्टकाच्या मध्येच फाइल तुटते. हँडब्रेकमध्ये सुटी फाइल न देता डीव्हीडीचं अख्खं फोल्डर उघडा, तो सगळे तुकडे एका सलग चित्रपटासारखे वाचतो. चित्र ७२० गुणिले ५७६ चंच राहू द्या. ते १०८० केलं तर फाइल फुगते, चेहरा स्पष्ट होत नाही. फोटो स्टुडिओनं भरून दिलेल्या लग्नाच्या डीव्हीडीला कुलूप नसतं, त्यामुळे अडचण येत नाही. बाजारातल्या चित्रपटांच्या कुलूपबंद डीव्हीडी हँडब्रेक उघडत नाही, आणि त्या वाटेला जाऊही नये. घरच्या डीव्हीडी मात्र या वर्षीच काढून घ्या. दोन जणांच्या डीव्हीडी माझ्याकडे आल्या तोवर त्यांचा शेवटचा अर्धा तास वाचता येत नव्हता. त्यातल्या एकीत मुलीच्या पाठवणीचा भाग होता, आणि तो आता कुठेच नाही.

बाकीचे पर्याय

व्हीएलसीतही रूपांतराची सोय आहे. एखाद-दुसऱ्या छोट्या फाइलीला ठीक. पण लांब नाटकात आवाज ओठांच्या मागे पडल्याचं मी अनुभवलं आहे, म्हणून मी ते पाहायला वापरतो, बदलायला नाही.

एफएफएमपेग हे या सगळ्यांच्या मागचं इंजिन. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेलं. याला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावा लागतो. ज्यांना ते जमतं त्यांनी दुसरं काही घेऊ नये: पोतं बदलणं, भरडणं, सगळं एकातच होतं, आणि एका ओळीत अख्ख्या फोल्डरमधल्या पन्नास फाइली मार्गी लागतात. ज्यांना टाइप करायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी याच इंजिनावर बटणं चढवलेला शटर एन्कोडर आहे. त्यात ‘रीरॅप’ म्हणजे पोतं बदलणं.

इंटरनेटवरचे कन्व्हर्टर आपल्या भागासाठी मला पटत नाहीत. अपलोडचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट मिळाला तरी २ जीबीची फाइल चढवायला पाऊण तासाहून जास्त लागतो, मध्ये नेटवर्क गेलं की बहुधा पुन्हा पहिल्यापासून, आणि उतरवायला वेगळा डेटा. घरच्या बायका-मुलांचं चित्रीकरण अनोळखी संगणकावर जातं ते वेगळंच. विकतचे कन्व्हर्टरही मी वापरून पाहिले. एकानं ‘फुकट’ म्हणून तीन तास काम केलं आणि नाटकभर पडद्याच्या मधोमध स्वतःचं नाव छापून दिलं. वर सांगितलेल्या प्रोग्रॅममध्ये असं काही होत नाही, फक्त ते त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवा. नावासारखं नाव घेऊन भलतंच गळ्यात मारणाऱ्या साइटी पुष्कळ आहेत.

पुण्या-मुंबईच्या भाच्यांनी पाठवलेल्या आयफोनच्या व्हिडिओला कन्व्हर्टरऐवजी फोन करणं सोपं. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत भरू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की नेहमीचं चित्रीकरण एच.२६४ मध्ये होतं. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. २ जीबीपर्यंतची फाइल भरडली न जाता येते.

वीज आणि ऊन

हँडब्रेकचं काम ऐंशी टक्के झालेलं असताना लाइन गेली तर एमपी४ फाइल बहुधा वाया जाते, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. एमकेव्हीत भरलेलं असेल तर तोवरचा भाग सहसा चालतो. म्हणून घरी इन्व्हर्टर नसेल तर मोठं नाटक आधी एमकेव्हीत भरडा आणि मग ॲव्हिडेमक्सनं पाच मिनिटांत एमपी४च्या पोत्यात ओता. किंवा अंकाअंकाचे तुकडे करून हँडब्रेकच्या रांगेत लावा, म्हणजे गेला तर एक अंक जाईल. तुकडे केल्यानं आणखी एक अडचण सुटते. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. जुने टीव्ही दुसऱ्या पद्धतीचे पेनड्राइव्ह वाचतीलच असं नाही.

एप्रिल-मेच्या दुपारी तर हे काम लावूच नका. बाहेर ४५ अंश असताना प्रोसेसर तापून स्वतःच मंदावतो. रात्री लावा, सकाळी घ्या. आणि अख्खं लावण्याआधी दोन मिनिटांचा नमुना काढून प्रत्यक्ष त्या टीव्हीवर चालवून बघा.

मूळ फाइल मात्र पुसू नका, टीव्हीवर नवी नीट चालली तरी. आमच्या मंडळाच्या मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक माझ्याकडे, दुसरी मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी. भरडलेल्या प्रतीच्या नावात मी सालापुढे ‘टीव्ही’ लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी तीच प्रत पुन्हा गिरणीत घालणार नाही.