ओलाव्याला हमी नाही: ऑनलाइन मागवलेल्या कपाटाचा आणि पलंगाचा नऊ महिन्यांचा अनुभव

जानेवारीत बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि जिना चढायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले. त्यांची खोली माडीवर. आमचे घर गोव्यात फोंड्याजवळ, जुने, चिऱ्यांच्या भिंतींचे. माडीवरचे सागवानी कपाट जिन्याच्या वळणातून खाली उतरेना, म्हणून तळमजल्यावरच्या मागच्या खोलीसाठी सगळे नवीन घ्यायचे ठरले. सुतार म्हणाला, हातात कामे आहेत, दोन महिने तरी लागतील. बाबा आठ दिवसांत घरी येणार होते. म्हणून मी ऑनलाइन मागवले: तीन दरवाजांचे कपाट २१,४९९ रुपयांना, खाली सामान ठेवायची सोय असलेला पलंग २४,९९९ रुपयांना आणि एक साधी लाकडी खुर्ची ३,७९९ रुपयांना. एकूण ५०,२९७ रुपये, सगळे आगाऊ भरलेले. दुकानाचे नाव इथे देत नाही, कारण पलंगाची तक्रार अजून मिटलेली नाही.

दहा दिवसांत येणारे सामान चोविसाव्या दिवशी आले. तोवर बाबा घराच्या मधल्या चौकीत खाटेवर झोपले. जोडणी करणारा मुलगा आणखी पाच दिवसांनी मडगावहून आला, चांगला होता, मन लावून काम केले त्याने. पलंगाच्या एका फळीचा कोपरा फुटलेला निघाला, ती बदलून यायला पाच आठवडे गेले. हे सगळे त्रासाचे होते, पण त्यासाठी एवढे लिहायला बसले नसते.

फेब्रुवारी ते मे कपाटाची एकही तक्रार नव्हती. कपाट दिसायला सुंदर, दरवाजे हलके, आत आरसा. जोडणीनंतर आठव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला, अनुभव कसा वाटला ते सांगा. मी पाच तारे दिले आणि फोटोही टाकले. हे मुद्दाम सांगते, कारण त्या पानावर दिसणारे बहुतेक अभिप्राय माझ्यासारखेच असावेत: पहिल्या पंधरवड्यात लिहिलेले, वस्तू नवी कोरी असताना. गोव्यात राहणाऱ्याने तरी फर्निचरचा अभिप्राय वाचताना तो कुठल्या महिन्यात लिहिला आहे ते आधी बघावे. फेब्रुवारीत लिहिलेल्या पाच ताऱ्यांवरून जुलैत काय होईल ते कळत नाही.

आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, दोरीवरचे कपडे सुकत नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी सुटते, लाद्यांना घाम येतो. मागच्या खोलीच्या भिंतीला बाहेरून पावसाची झड लागते आणि चिरा पाणी धरून ठेवतो. या घरात आम्ही जन्मापासून आहोत, हे सगळे आम्हाला ठाऊक होते. म्हणून जोडणीच्या वेळीच मी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवून घेतले होते. जूनमध्ये आत डांबराच्या गोळ्या टाकल्या, आणि आई करायची तसा दिवसातून दोन तास आत एक छोटा बल्ब पेटवून ठेवू लागले. सागवानी कपाटाला एवढे पुरत असे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात खालच्या फळीच्या कडेची प्लास्टिकची पट्टी सुटलेली दिसली. मी ती फेविकॉलने चिकटवली. आठ दिवसांनी ती परत सुटली आणि आतला भुसा दिसू लागला, ओल्या बिस्किटासारखा फुगलेला. मग मधला दरवाजा खाली लोंबू लागला, कारण बिजागरीचे स्क्रू भोकातून सैल होऊन बाहेर येत होते. पुन्हा आवळले तरी धरत नव्हते. पाठीमागचा पातळ पत्रा, म्हणजे दाबलेल्या भुशाचाच तीन मिलिमीटरचा पत्रा, पोट आल्यासारखा बाहेर आला. कपाट उघडले की कुबट वास यायचा. बाबांचे धोतर, शर्ट सगळे बाहेर काढून मी माडीवर नेले.

एका गोष्टीकडे मात्र माझे लक्ष गेले नाही, आणि त्याचे दुःख मला अजून आहे. सगळ्यांत खालच्या खणात बाबांनी आजोबांच्या वह्या ठेवल्या होत्या. आजोबा भजनी होते. गावातल्या आरत्या, अभंग, घुमट या मातीच्या वाद्यावर म्हणायच्या आरतीची कडवी त्यांनी टाकाच्या पेनने सात वह्यांत लिहून ठेवली होती. गणेश चवथीला दहा-बारा दिवस असताना बाबांनी वही मागितली, आणि खण उघडेना. वरची फळी खाली वाकली होती, तळाची फळी फुगून वर आली होती, आणि खण मधे अडकला होता. मी ओढले तर मूठ हातात आली.

शेवटी मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावले. जानेवारीत ज्याच्याकडे वेळ नव्हता तोच. त्याने पटाशीने कड उचकटली, एक तुकडा हातात घेऊन दोन बोटांनी चुरगाळला आणि मला दाखवला. म्हणाला, ‘बाय, हें लांकूड न्हय, हो भुसो.’ खण तोडूनच काढावा लागला. खाली चार वह्या होत्या, त्यांतल्या तिघींची पाने एकमेकांना चिकटली होती, कडांना हिरवी बुरशी आणि शाई पसरलेली. बाबा काही बोलले नाहीत. वह्या मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.

त्या दिवशी मेस्ताने समजावले आणि नंतर मी स्वतः वाचले, ते इथे लिहिते, कारण मागवण्याआधी मला कोणी हे सांगितले असते तर बरे झाले असते. जाहिरातीत ज्याला ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हणतात तो शब्द फार सैल आहे. त्यात प्लायवूड येते, एमडीएफ येते आणि पार्टिकल बोर्डही येतो, आणि या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकात दाबलेले. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि भुसा डिंकात मिसळून दाबलेला. स्वस्त बोर्डात हा डिंक बहुतेक युरिया फॉर्माल्डिहाइडचा असतो आणि तो ओलाव्यात हळूहळू सुटतो. वरून चिकटवलेला लॅमिनेटचा कागद पृष्ठभाग वाचवतो, पण जिथे फळी कापली आहे, जिथे स्क्रूसाठी भोक पाडले आहे, तिथे आतला भुसा उघडाच असतो. पाणी तिथून आत शिरते. आणि एकदा फुगलेला बोर्ड सुकला तरी पूर्वीच्या जाडीवर येत नाही. आमची पंधरा मिलिमीटरची फळी खालच्या कडेला वीस मिलिमीटर झाली होती, नोव्हेंबरच्या उन्हातही ती वीसच आहे. कपाटाला पाय नव्हते, तळाची फळी थेट लादीवर, म्हणजे लादी पुसली की रोज पाणी.

माझ्या कपाटाच्या पानावर वर मोठ्या अक्षरात ‘नैसर्गिक लाकडाचे सौंदर्य’ होते. ‘पार्टिकल बोर्ड’ हे शब्द खाली, मापांच्या तक्त्यात, तीनदा बोट सरकवल्यावर दिसतात. मी वूड हा शब्द वाचला आणि पुढे गेले. ही माझी चूक. पण मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

जुलैत तक्रार केली तेव्हा फोटो मागितले, पाठवले. चार दिवसांनी उत्तर आले: नुकसान ओलाव्यामुळे झाले आहे, ओलाव्याला हमी लागू नाही. मी फोन केला. फोनवरची मुलगी नम्र होती, पण दर वेळी नवीन मुलगी आणि दर वेळी गोष्ट पहिल्यापासून. पाचव्या फोनला मी विचारले, माझा पिनकोड ४०३ ने सुरू होतो, तो टाकल्यावर तुमच्याच पानाने ‘इथे पोहोचवतो’ म्हटले ना? गोव्यात पाऊस पडतो हे तुम्हाला माहीत नव्हते का? छत्तीस महिन्यांची हमी देता, त्यात तीन पावसाळे येतात. मग ही वस्तू इथे विकताना कुठे एक ओळ तरी हवी होती, की दमट हवेत ही टिकणार नाही. पैसे घेताना गोवा चालतो आणि भरपाई देताना गोव्याची हवा नडते, हे मला मान्य नाही. तिने वरिष्ठांना कळवते म्हणून सांगितले. दोन आठवड्यांनी खात्यात ३,००० रुपयांचे कूपन आले, पुढच्या खरेदीवर वापरायचे. मी ते वापरलेले नाही.

खण तोडला त्याच रात्री मी कायदा वाचायला बसले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखालचे ई-कॉमर्सचे नियम २०२० चे. त्यात स्पष्ट आहे की प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क आपल्या पानावर द्यायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. दोन महिने मी ज्या नंबरवर फोन करत होते तो वेगळाच. अधिकाऱ्याचा ईमेल पानाच्या अगदी तळाशी सापडला. त्याला सविस्तर पत्र लिहिले: जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट, बिल, फुगलेल्या फळीवर मोजपट्टी धरून काढलेले फोटो, तक्रारींचे सगळे क्रमांक. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली.

अकराव्या दिवशी कंपनीचा स्वतःहून फोन आला. आधी ८,००० देतो म्हणाले. मी नको म्हटले आणि सांगितले की जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि खटला विक्रेत्याच्या शहरात नव्हे, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतो, हे तोवर मला कळले होते. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा पावसाळा गेला म्हणून कोणी गप्प बसू नये. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कपाटाचे पूर्ण २१,४९९ रुपये परत आले. कपाट न्यायला मात्र अजून कोणी आलेले नाही. पडवीत ताडपत्री घालून ठेवले आहे.

पलंगाचे थोडक्यात सांगते. फळ्या उचलायचे हायड्रॉलिक चांगले आहे, अजूनही एका हाताने वर जाते. पण बाजूची फळी तोच बोर्ड, आणि ऑगस्टमध्ये मधल्या आडव्या पट्टीचे स्क्रू निघून गादी एका बाजूने खाली बसली. बाबा तेव्हा पलंगावर नव्हते हे आमचे नशीब. नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाखालचा पलंग खचणे काय असते, ते मला कंपनीच्या एकाही माणसाला समजावता आले नाही. मेस्ताने खाली किंदळाच्या लाकडाचे दोन उभे टेकू आणि एक आडवी दांडी बसवली, २,२०० रुपये घेतले, आणि आता तो हलत नाही. त्या दुरुस्तीचे आणि पलंगाच्या किमतीतल्या घटीचे पैसे मी मागितले आहेत. डिसेंबरपर्यंत उत्तर आले नाही तर आयोगात जाणार.

खुर्चीबद्दल तक्रार नाही. ती रबराच्या झाडाच्या भरीव लाकडाची आहे. पावसात तिच्यावरही पांढरी बुरशी आली, पण कोरड्या फडक्याने पुसली आणि दोन दिवस उन्हात ठेवली की पूर्ववत. बाबा रोज तिच्यावर बसून कपडे घालतात. एकाच दुकानाच्या, एकाच दिवशी आलेल्या, एकाच खोलीत राहिलेल्या वस्तू. फरक फक्त आत काय आहे त्याचा.

तेव्हा ज्यांना इथे मागवायचेच आहे त्यांनी मापांच्या तक्त्यात ‘मटेरियल’ची ओळ शोधावी. पार्टिकल बोर्ड असेल तर कितीही सूट असो, तळमजल्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवायला घेऊ नये. कोरड्या हवेच्या गावात तो वर्षानुवर्षे टिकत असेल, त्याबद्दल मी बोलत नाही. प्लायवूड असेल तर कुठले ते विचारावे. ओलावा सोसणारे बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारे, किंवा त्याहून वरचे आयएस ७१० चे, म्हणजे मरीन प्लाय. कपाटाला निदान चार इंचांचे पाय हवेत. हमीपत्र पैसे भरण्याआधी वाचावे, विशेषतः ‘लागू नाही’ची यादी, आणि त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. माझ्या कपाटाच्या पानावरचे ‘नैसर्गिक लाकूड’ आता बदलले आहे. माझ्याकडे जुने पान नसते तर ते पैसे परत आलेच नसते.

माझे पाच तारे मी सप्टेंबरमध्ये एकावर आणले आणि फुगलेल्या फळीचे फोटो टाकले.

नवे कपाट मेस्त करतो आहे, फणसाच्या लाकडाचे, पाय असलेले. डिसेंबरात देतो म्हणालाय. वह्या सध्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. त्या तीन वह्यांतली पाने काही सुटत नाहीत. बाबांना जेवढे पाठ आहे तेवढे ते सांगतात आणि रोज दिवेलागणीनंतर मी ते नव्या वहीत उतरवून घेते. आतापर्यंत एकोणीस आरत्या झाल्या. एकीची दोन कडवी त्यांना आठवतात, पुढचे काही केल्या आठवत नाही. खालच्या वाड्यावर एक म्हातारे घुमट वाजवणारे आहेत, आजोबांबरोबर बसायचे, त्यांना ती येत असावी असे बाबा म्हणतात. रविवारी त्यांच्याकडे जायचे ठरले आहे. रिक्षा सांगून ठेवली आहे, बाबाही येणार आहेत.