हायडीपीआय स्क्रीनवर लिनक्स, काही महिने वापरल्यानंतर

१४ इंची लॅपटॉप, स्क्रीन २८८० बाय १८००, म्हणजे इंचाला साधारण २४३ पिक्सेल (अशा दाट पिक्सेलच्या स्क्रीनला हायडीपीआय म्हणतात), त्यावर केडीई प्लाझ्मा ६ हा लिनक्सचा डेस्कटॉप, वेलँड सेशन (वेलँड म्हणजे विंडो स्क्रीनवर दाखवणारी नवी यंत्रणा, एक्स११ ही जुनी). रोजचं सगळं काम काही महिने याच्यावरच चाललंय. सेटिंग एकदा नीट बसलं की मराठी वाचायला अशी स्क्रीन म्हणजे सुख आहे, जोडाक्षरं, रफार, अनुस्वाराचं टिंब, सगळं छापल्यासारखं दिसतं, त्यासाठी एवढी खटपट करावीच.

अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्युशन कमी करू नका प्लीज. १९२० बाय १२०० केलं की एका पिक्सेलला दीड पिक्सेलची जागा भरावी लागते, अर्धा पिक्सेल तर नसतो, मग शेजारच्या रंगात सरमिसळ होऊन सगळं धूसर. रिझोल्युशन पूर्ण ठेवायचं आणि स्केल, म्हणजे अक्षरं-बटणं किती पट मोठी काढायची ते, वाढवायचं. २०० टक्क्यांना जागा १४४० बाय ९०० एवढीच उरते, दोन विंडो शेजारी शेजारी धड मावत नाहीत. १५० ला जागा १९२० बाय १२०० इतकी मिळते आणि अक्षरं तरी खऱ्या पिक्सेलवरच काढली जातात. मी १७५ वर बरेच दिवस होतो, आता १५० आणि फॉन्ट एक पॉइंट मोठा, हे डोळ्यांना जमलंय.

वेलँडच का, तर बाहेरचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर. एक्स११ मधे डीपीआय (इंचाला किती पिक्सेल धरायचे तो आकडा) सगळ्या स्क्रीनना मिळून एकच, ९६ च्या जागी १४४ टाकलं की लॅपटॉप छान पण मॉनिटरवर सगळं अवाढव्य. वेलँडमधे प्रत्येक स्क्रीनचं स्केल वेगळं, लॅपटॉप १५०, मॉनिटर १००, विंडो इकडून तिकडे ओढली की आपोआप जुळवून घेते.

जुनी एक्स११ वाली अ‍ॅप्स त्यांना वेलँडवर चालवणाऱ्या एक्सवेलँडमधून चालतात, ती पुसट दिसली तर डिस्प्ले सेटिंगमधे अशा अ‍ॅप्सना स्वतःचं स्केलिंग स्वतः करू द्यायचा पर्याय आहे, तो निवडा. ज्यांना स्केलिंग कळतच नाही ती मात्र मग बारीक दिसतात, पण माझ्या मते पुसटपेक्षा बारीक परवडलं. इलेक्ट्रॉनवाली (ब्राउझरच्या इंजिनवर बनवलेली) अ‍ॅप्स थेट वेलँडवर चालवली की प्रश्नच मिटतो.

ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी नुसतं ट्वीक्स या सेटिंगच्या अ‍ॅपमधून टेक्स्ट स्केलिंग १.२५ केलं तरी बरंच काम होतं, फक्त अक्षरं वाढतात, आयकॉन आहेत तेवढेच राहतात.

राहिला टीटीवायचा काळा कन्सोल, म्हणजे डेस्कटॉपशिवायची नुसत्या अक्षरांची स्क्रीन, तिथे अक्षरं मुंगीएवढी. डेबियन, उबुंटूवर कन्सोल-सेटअप हे पॅकेज परत कॉन्फिगर करून टर्मिनस हा फॉन्ट १६ बाय ३२ मधे घ्या. ग्रबचा, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सिस्टिम निवडायचा, मेनू मात्र वेगळा, त्याला मोठा फॉन्ट बनवून द्यावा लागतो, नाहीतर सरळ त्याचं रिझोल्युशन कमी करा, तेवढ्या एका ठिकाणी धूसर चालतं.