मोरजी की चोडण? ऑक्टोबरातल्या एकाच सकाळीसाठी

हाताशी एकच सकाळ आहे आणि उत्तरेकडून उतरलेले किनारी पक्षी बघायचे आहेत, तर गोव्यात प्रश्न बहुधा दोन जागांवर येऊन थांबतो: मोरजीला शापोरा नदीचं मुख, की चोडणचं डॉ. सलीम अली अभयारण्य. करमळीचं तळं इथे मुद्दाम धरलेलं नाही. बदकं तिथे भरायची तर नोव्हेंबर उलटावा लागतो.

चोडणला पोचणं सोपं. रायबंदरला गाडी ठेवून फेरीबोटीने पलीकडे, तिथून फाटकापर्यंत चालत. जागा इनमीन १.७८ चौरस किलोमीटर, पण कॉलर्ड आणि ब्लॅक-कॅप्ड किंगफिशर बघायचे तर ही खारफुटीच हवी. मोरजीच्या वाळूवर त्यांची आशा धरू नये.

अडतं ते पाण्यापाशी. होडी आतल्या कालव्यात शिरायला भरती लागते आणि भरतीत चिखल बुडतो. चिखल बुडाला की रेडशँक, व्हिंब्रेल हे चिखलात चरणारे पक्षी उठून जातात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी परततात, तेव्हा होडी टेकते. दोन्ही जुळतं ती मधली वेळ जेमतेम तासाभराची, आणि तीही होडीवाल्याच्या सोयीने साधावी लागते. त्यात होडीत ट्रायपॉड उभा राहत नाही, म्हणजे स्कोप (ट्रायपॉडवरची मोठी एकडोळी दुर्बीण) घरी ठेवलेला बरा. दुर्बिणीतून प्लोव्हर, म्हणजे एकमेकांसारखे दिसणारे छोटे किनारी पक्षी, ओळखायचे आणि होडी डुलतेय, ही कटकट माझ्यासाठी निर्णायक ठरली.

मोरजीला नेमकी तीच भरती तुमच्या बाजूने काम करते. नदीतले उघडे वाळू-चिखलाचे पट्टे बुडू लागले की विखुरलेले पक्षी मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर गोळा होतात. भरतीच्या आधी दोन तास तेंबवाड्याच्या बाजूने पोचावं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून वेळापत्रक बघून आठ-नऊच्या सुमारास पूर्ण भरती येईल असा दिवस निवडावा. सूर्य पाठीशी ठेवून पश्चिमेकडे बघायचं. दहानंतर वाळूवरची हवा थरथरू लागते, मग स्कोप ६० पटींचा असला तरी ३० च्या वर चित्र फुटतं.

खरी मजा थव्यातल्या निवडीत आहे. पांढरी पट्टी मानेमागून पूर्ण फिरली असेल तर केंटिश प्लोव्हर. सँड प्लोव्हरांना ती नसते. मग सँड प्लोव्हरांतले दोन प्रकार, लेसर आणि ग्रेटर, वेगळे करायचे. एकटा पक्षी बघून फसगत होते. शेजारी-शेजारी उभे असले की ग्रेटरची लांब, जड चोच आणि फिकट, हिरवट झाक असलेले लांब पाय लगेच कळतात. लेसरचे पाय बहुधा काळसर. सप्टेंबरात आलेल्या काहींच्या छातीवर विणीचा तांबूस रंग अजून असतो, ऑक्टोबरात तो विरत जातो. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) यांची गर्दी बघायची असेल तर नोव्हेंबर अधिक चांगला.

मोरजीचा त्रास म्हणजे कुत्री आणि किनाऱ्यावर फिरणारी माणसं. एक कुत्रं धावलं की अख्खा थवा उठतो, आणि लांबून उडत आलेल्या पक्ष्याची विश्रांती मोडते. आपण तरी थेट चालून जाऊ नये. तिरकं, थांबत-थांबत जावं. पक्षी माना ताठ करू लागले की तिथेच बसावं. तरीही थवा उठलाच तर तो बहुधा चक्कर मारून परत उतरतो, चोडणचा बुडालेला चिखल मात्र त्या सकाळी परत येत नाही. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारी वाळू कड्यांत अडकून ते घट्ट बसत नाहीत.

मोरजीलाही उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, आसपासचाच दिवस लागतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारासच्या लहान भरतीला, पाणी पुरेसं चढत नाही, पट्टे उघडेच राहतात आणि पक्षी पसरलेले राहतात. तुमची सकाळ नेमकी भांगाची असेल, तर कालव्यात होडीपुरतं पाणी आहे का एवढं आधी विचारून खुशाल चोडणला जा.